फाटलेला खर्ज आणि मधली मोकळी जागा: व्हेक्स्डचा ‘डीजनरेट’

व्हेक्स्ड या ब्रिटिश जोडीचा ‘डीजनरेट’ हा पहिला अल्बम २००५ साली ‘प्लॅनेट म्यू’ या कंपनीने प्रसिद्ध केला. डबस्टेप हे खर्जप्रधान इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत तोवर बारा इंची तबकड्या, परवाना नसलेली रेडिओ केंद्रे आणि लंडनमधले मोजके क्लब यांच्या आधाराने वाढत होते. तबकडीच्या दोन बाजूंना दोन रचना असत आणि त्या कोणीतरी अंधाऱ्या खोलीत मोठ्या स्पीकरांवर वाजवाव्यात, एवढीच त्यांच्याकडून अपेक्षा असे. या संगीतातून घरी बसून सलग ऐकण्याजोगा दहा रचनांचा अल्बम उभा राहू शकतो का, या प्रश्नाला ज्यांनी सर्वांत आधी उत्तर देऊन पाहिले त्यांत व्हेक्स्डमधल्या जेमी टीझडेल आणि रोली पोर्टर या दोघांचे नाव घ्यावे लागते. गेले तीन आठवडे मी हा अल्बम हेडफोनवर, घरच्या मध्यम आकाराच्या स्पीकरांवर आणि एका मित्राकडच्या सबवूफर जोडलेल्या संचावर पुन्हा पुन्हा ऐकला आहे. माझे मत असे की त्याचा पूर्वार्ध या प्रकारातल्या सर्वोत्तम कामात मोडतो, उत्तरार्ध मात्र आपलीच युक्ती वारंवार वापरून तिची धार घालवतो, आणि या दोन्हींचे कारण एकच आहे.

ते कारण समजण्यासाठी हे संगीत कुठून आले ते थोडक्यात पाहू. डबस्टेपचे मूळ दक्षिण लंडनच्या क्रॉयडन भागात सापडते. तिथल्या ‘बिग ॲपल’ नावाच्या तबकड्यांच्या दुकानाभोवती जमणाऱ्या तरुणांनी गराज या नृत्यसंगीतातले गाणे, चमक आणि गोडवा काढून टाकला आणि खाली उरलेला ताल व खर्ज तेवढा ठेवला. २००१ मध्ये सुरू झालेली ‘फॉरवर्ड’ ही क्लबरात्र पुढे शोरडिचमधल्या ‘प्लॅस्टिक पीपल’ या लहानशा तळघरातल्या क्लबात भरू लागली आणि तिथल्या अंधाराची आणि ध्वनियंत्रणेची छाप या संगीतावर कायमची पडली. ज्या वर्षी ‘डीजनरेट’ आला त्याच वर्षी लंडनच्याच ब्रिक्स्टन भागात ‘डीएमझेड’ ही दुसरी क्लबरात्र सुरू झाली, आणि खर्जाच्या वजनावर ध्यान करायला या, असे तिचे आवाहन होते. ‘वजन’ हा शब्द या मंडळींनी अगदी विचारपूर्वक निवडला होता. मोठा आवाज आणि जड आवाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे डबस्टेपच्या श्रोत्याला पहिल्या रात्रीच शरीराने कळते. ज्याने गणेशोत्सवात ढोलपथकाच्या शेजारून चालताना थाप कानाआधी छातीत ऐकली आहे, त्याला हा फरक वेगळा समजावून द्यावा लागणार नाही.

व्हेक्स्ड या मंडळींच्या जवळ उभे होते, पण अगदी त्यांच्यातले नव्हते. डिजिटल मिस्टिक्झ आणि लोफा या डबस्टेप संगीतकारांच्या रचनांमध्ये खर्ज शुद्ध, गोल आणि उबदार असतो, आणि खर्ज व प्रतिध्वनी यांवर उभ्या असलेल्या जमैकन डब संगीताची सावली त्यात सरळ दिसते. टीझडेल आणि पोर्टर यांनी तोच खर्ज घेऊन तो जाणूनबुजून फाडला. त्यात कारखान्यातल्या यंत्रांसारखे घासणारे ध्वनी मिसळले आणि ड्रम्स इतके कोरडे व कठीण केले की प्रत्येक आघातानंतर धातूची पट्टी पडल्याचा भास व्हावा. ‘प्लॅनेट म्यू’ हे घर त्यांना योग्यच मिळाले. माइक पॅराडिनस यांनी १९९५ साली सुरू केलेली ही कंपनी मुळात प्रयोगशील इलेक्ट्रॉनिक संगीताची होती. क्लबच्या बाहेर, खुर्चीत बसून एकाग्रतेने ऐकणारा श्रोता तिच्याकडे आधीपासून होता. त्यामुळे ‘डीजनरेट’ला नाचणाऱ्यांच्या आणि ऐकणाऱ्यांच्या अशा दोन कसोट्यांना एकाच वेळी उतरावे लागले.

आता लयीकडे वळू. डबस्टेपची गती मिनिटाला सुमारे १४० ठोके असते, म्हणजे दर दोन ठोक्यांमध्ये अर्ध्या सेकंदाहून थोडा कमी वेळ. मात्र स्नेअर या करकरीत आवाजाच्या ड्रमचा मुख्य आघात चार ठोक्यांच्या आवर्तनात तिसऱ्या ठोक्यावर एकदाच येतो, आणि म्हणून शरीराला ती लय सत्तर ठोक्यांची, जवळजवळ विलंबित वाटते. हाय-हॅट या झांजा आणि बारीक ध्वनी मात्र १४०च्या हिशेबानेच धावत असतात. आपल्याकडे ठाय लय सुरू असताना गायकाने मनातल्या मनात दुगुन धरून ठेवावी आणि ऐकणाऱ्याला दोन्हींची जाणीव राहावी, तसाच हा प्रकार आहे. पाय संथ चालतात आणि कान धावत असतो. एका स्नेअरपासून दुसऱ्या स्नेअरपर्यंत सुमारे १.७ सेकंदांचे अंतर पडते आणि नृत्यसंगीताच्या मानाने ही फार मोठी पोकळी आहे. त्या पोकळीत काय ठेवायचे आणि काय ठेवायचे नाही, यावर प्रत्येक डबस्टेप रचनेचे यशापयश ठरते, आणि ‘डीजनरेट’चे तर पूर्णपणे.

पूर्वार्धात या दोघांनी ती पोकळी राखली आहे. ‘पॉप पॉप व्हीआयपी’ ही पहिली रचना तुलनेने चपळ आहे आणि ती दार उघडण्याचे काम करते. अल्बमचा खरा स्वभाव कळतो तो ‘थंडर’पासून. तिथे प्रत्येक आघात आधीच्या आघाताचे पडसाद पूर्ण विरेपर्यंत थांबतो आहे असे वाटते, आणि पुढचा आघात कधी पडणार हे लयीमुळे अचूक ठाऊक असूनही तो पडताना आपण दचकतो. घड्याळाइतक्या नियमित ठोक्यात अनपेक्षितपणा निर्माण करणे ही किमया आहे, आणि ती साधली आहे ती मधल्या जागेत हात न घातल्यामुळे. ‘एंजल्स’, ‘कोल्ड’ आणि ‘कॉरिडॉर’ या तीन रचना एकापाठोपाठ ऐकताना एखाद्या मोठ्या, रिकाम्या, काँक्रीटच्या इमारतीत आपण आत आत चाललो आहोत अशी जाणीव होते. रिव्हर्बचा, म्हणजे पडसादाच्या परिणामाचा, उपयोग इथे सजावटीसाठी केलेला नाही, भिंती किती दूर आहेत हे सांगण्यासाठी केला आहे. कोरडा आघात अगदी कानाजवळ आणि त्याचा प्रतिसाद कुठून तरी लांबून, अशी ही मांडणी आहे. ‘कॉरिडॉर’ हे शीर्षक मला म्हणूनच फार समर्पक वाटते. ‘व्हीनस’पर्यंत येताना वातावरण थोडे निवळते आणि स्वरांना आघातांच्या बरोबरीने स्थान मिळते. मला विचाराल तर ‘थंडर’पासून ‘व्हीनस’पर्यंतच्या पाच रचना हाच या अल्बमचा गाभा आहे.

फाटलेल्या खर्जाविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण या अल्बमविषयीचा सगळा वाद तिथेच आहे. आवाज फाटला की आपण तो दोष समजतो. सभागृहात ध्वनिक्षेपक फाटू लागला की श्रोते मागे वळून यंत्रचालकाकडे पाहतात. पण फाटणे म्हणजे ध्वनिशास्त्राच्या भाषेत मूळ स्वरात नसलेले वरचे स्वरांश त्यात मिसळणे. ५० हर्ट्झचा शुद्ध खर्ज फाडला की त्यातून १००, १५०, २०० असे स्वरांश उमटू लागतात. आपल्याला हा अनुभव एका फार सुंदर रूपात परिचित आहे. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जवारी लावली की तीच तार अचानक खुलते आणि खर्जाच्या एका तारेतून गंधारापर्यंतचे स्वर उमलू लागतात. तार घोडीला हलकेच घासते म्हणून हे घडते. व्हेक्स्ड यांनी जे केले ते तत्त्वतः याच्या जवळचे आहे, फक्त त्यांचे घासणे हलके नाही. ते तार तुटेपर्यंत ताणतात. त्यातून निघणारा स्वर तंबोऱ्यासारखा शांतवणारा नसून दात आवळायला लावणारा आहे, तरी त्यातली समृद्धी नाकारता येत नाही. चांगल्या स्पीकरांवर ऐकताना या खर्जात निदान तीन थर वेगळे कळतात: तळाशी केवळ दाबासारखा जाणवणारा सब-बेस, त्यावर गुरगुरणारा मधला थर, आणि अगदी वर वाळूसारखी खरखर. हे थर आपापल्या गतीने उघडझाप करत राहतात आणि त्यामुळे एकच स्वर मिनिटभर चालला तरी तो स्थिर वाटत नाही.

या फाटण्याचा एक व्यावहारिक लाभही आहे आणि त्याची दखल घेतली पाहिजे. ४० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची हवेतली लांबी साडेआठ मीटरच्या आसपास भरते, म्हणजे आपल्याकडच्या सर्वसाधारण दिवाणखान्यात ती मावतही नाही. खोलीच्या एका कोपऱ्यात तो खर्ज अंगावर येतो आणि दोन पावले सरकले की नाहीसा होतो. मोबाइलच्या किंवा लॅपटॉपच्या स्पीकरांना तर तो मुळात पेलतच नाही. म्हणून शुद्ध सब-बेसवर उभे असलेले डबस्टेप अशा उपकरणांवर अक्षरशः नाहीसे होते आणि मागे फक्त टिकटिक उरते. फाटलेला खर्ज मात्र वरच्या स्वरांशांमुळे लहान स्पीकरांवरही ओळखू येतो, कारण वरचे स्वरांश ऐकू आले की मूळ खर्जाची जागा आपला कान स्वतःच भरून काढतो. पण ओळखू येणे आणि जाणवणे यांत अंतर आहे. मी अनेक वर्षांपूर्वी हा अल्बम पहिल्यांदा लॅपटॉपवर ऐकला तेव्हा मला तो निव्वळ खरखराट वाटला होता आणि मी तो चौथ्या रचनेवर बंद केला होता. त्या वेळी मला तळाशिवायचा वरचा थर तेवढा ऐकू येत होता, आणि तळ नसेल तर ही खरखर खरोखरच असह्य आहे. मित्राच्या सबवूफरवर तोच अल्बम ऐकताना ती खरखर त्या खालच्या दाबाची बाह्य कड आहे हे उमगले आणि माझे मत पालटले. त्यामुळे ज्यांना हा अल्बम कर्कश वाटतो त्यांना मी आधी एवढेच विचारेन की त्यांनी तो कशावर ऐकला.

हेडफोनवर ऐकणाऱ्यांसाठी एक सूचना. कान पूर्ण झाकणारे, बंद रचनेचे हेडफोन तळातला खर्ज बऱ्यापैकी देतात आणि ‘कॉरिडॉर’सारख्या रचनेतली दूरची, जवळची योजना त्यांच्यावर सर्वांत स्पष्ट ऐकू येते, पण छातीवरचा दाब ते देऊ शकत नाहीत. म्हणून ‘थंडर’ स्पीकरांवर आणि ‘कॉरिडॉर’ हेडफोनवर, असे मी ठरवून टाकले आहे. आवाज मात्र बेताचाच ठेवावा, कारण फाटलेल्या खर्जाचा वरचा थर दीर्घकाळ मोठ्याने ऐकल्यास कान थकतात आणि मग रचनांमधला फरक कळेनासा होतो. माझ्या अनुभवात चाळीस मिनिटांनंतर हे घडू लागते.

आणि नेमक्या त्याच सुमारास, अल्बमच्या शेवटच्या तृतीयांशात, त्याच्या स्वतःच्या मर्यादाही उघड होतात. ‘क्रशर डब’, ‘फायर’, ‘लायन व्हीआयपी’ आणि ‘डिस्ट्रक्शन’ या चार रचना सुट्या सुट्या ऐकल्या तर कोणतीही टाकाऊ नाही. ‘लायन व्हीआयपी’ तर एखाद्या रात्री मोठ्या यंत्रणेवर वाजली असता सबंध खोली ताब्यात घेईल. पण सलग ऐकताना चारही रचना एकाच दिशेने ढकलतात. जी मोकळी जागा पूर्वार्धात राखली होती ती इथे भरली जाते. घासणारा ध्वनी आला, तो आणखी मोठा झाला, त्यावर दुसरा आला, आणि अखेर स्नेअरच्या पडसादाला विरायला वेळच उरला नाही. ज्या क्षणी ती १.७ सेकंदांची पोकळी भरते त्या क्षणी वजन जाते आणि फक्त आवाजाची पातळी उरते. हे विधान मी जपून करतो आहे, कारण ‘अधिक आक्रमक’ म्हणजे ‘अधिक जड’ असे मानणारा श्रोतृवर्ग मोठा आहे आणि त्याला हा उत्तरार्धच अधिक प्रिय असू शकतो. माझ्या कानांना मात्र ‘कोल्ड’ ही ‘डिस्ट्रक्शन’पेक्षा कितीतरी जड रचना वाटते, आणि ‘कोल्ड’मध्ये ध्वनींची गर्दी ‘डिस्ट्रक्शन’पेक्षा पुष्कळ कमी आहे.

दुसरा दोष बांधणीचा आहे. बहुतेक रचनांचा आराखडा सारखा आहे: वातावरणनिर्मिती, आघातांचा प्रवेश, खर्जाचे कोसळणे, मध्ये थोडी उसंत, पुन्हा कोसळणे आणि शेवटी हळूहळू काढता पाय. क्लबमध्ये हा आराखडा गरजेचा असतो, कारण डीजेला एक तबकडी दुसरीत मिसळण्यासाठी सुरुवातीला आणि शेवटी मोकळे ठोके लागतात. अल्बममध्ये मात्र ते मोकळे ठोके नुसते जागा अडवतात. ज्यांनी रिकाम्या इमारतीचे इतके अचूक चित्र ध्वनीतून उभे केले त्यांनी एखादी तरी रचना ठोक्यांशिवाय सोडून द्यायला हवी होती, किंवा दोन रचना एकमेकींत विरघळू द्यायला हव्या होत्या. एका तबकडीची सवय त्यांना अल्बम करतानाही सुटली नाही, हे या पदार्पणाचे सर्वांत मोठे वैगुण्य आहे. दहांपैकी दोन रचना ‘व्हीआयपी’ म्हणजे आपल्याच जुन्या रचनांचे नवे अवतार असणे हेदेखील त्याच सवयीचे चिन्ह. ‘जंगल’ आणि ‘ड्रम अँड बेस’ या आधीच्या ब्रिटिश नृत्यसंगीतप्रकारांपासून चालत आलेली ही प्रथा डीजेसाठी मोलाची आहे, कारण परिचित रचनेचे वेगळे रूप ऐकून नाचणारे चेकाळतात. पण ज्या श्रोत्याने मूळ रूप ऐकलेलेच नाही त्याला पहिल्याच रचनेत दुसरी आवृत्ती ऐकवणे म्हणजे गोष्टीची सुरुवात मधून करणे आहे.

माणसाचा आवाज इथे जवळजवळ नाही, याविषयी माझे मत अजून दोलायमान आहे. त्याच काळातल्या ग्राइम या लंडनच्या रॅप संगीतात, ज्याच्याशी व्हेक्स्डच्या ड्रम्सचे जवळचे नाते आहे, एमसीच्या, म्हणजे रॅप करणाऱ्याच्या, शब्दांनी ही पोकळी भरली जाई. तिथे संगीत हा मंच आणि माणूस हा नट असे. इथे मंच रिकामा ठेवला आहे. पूर्वार्धात ते रिकामेपण अल्बमचा प्राण ठरते. उत्तरार्धात मात्र ध्वनींची गर्दी वाढत असताना, या सगळ्या पडझडीच्या मध्ये कोणी उभे आहे की नाही, असा प्रश्न मला पडतो आणि उत्तर मिळत नाही. पुढच्याच वर्षी, २००६ मध्ये, बरिअल या डबस्टेप संगीतकाराच्या पहिल्या अल्बमने तुटक, अर्धवट ऐकू येणाऱ्या मानवी आवाजांतून आणि कोडनाइन व स्पेसएप या जोडीच्या पहिल्या अल्बमने खोल आवाजातल्या कथनातून या पोकळीला अगदी वेगळी उत्तरे दिली. त्या दोन्हींच्या शेजारी ठेवल्यावर ‘डीजनरेट’ निर्मनुष्य वाटतो. तुलना थोडी अन्यायाची आहे, कारण व्हेक्स्ड यांनी वाट आधी तुडवली होती; तरी आजचा श्रोता हे तिन्ही अल्बम एकाच संध्याकाळी ऐकू शकतो, आणि त्यामुळे ती टाळताही येत नाही.

आणखी एक आरोप या अल्बमवर अधूनमधून होतो आणि तो मला मुळीच मान्य नाही. २०१० नंतर अमेरिकेत लोकप्रिय झालेल्या, मधल्या पट्टीत किंचाळणाऱ्या डबस्टेपचे पाप याच्या माथी मारले जाते. खर्ज फाडणे एवढे साम्य दोन्हींत आहे हे खरे. पण तिथे फाटलेला ध्वनी पुढे येऊन दर दोन मात्रांनी नवा चाळा करतो आणि तळ रिकामा राहतो. इथे तो तळाला बांधलेला आहे आणि स्वतःकडे लक्ष वेधून घेण्याची त्याला घाई नाही. या अल्बमचे खरे वारस मला पुढच्या वर्षांत औद्योगिक ध्वनी आणि संथ खर्ज एकत्र आणणाऱ्या प्रयोगशील संगीतकारांमध्ये दिसतात, आणि त्यांत पहिला क्रमांक स्वतः रोली पोर्टर यांचाच लागतो.

सीडीच्या आवृत्तीत दुसरी चकतीही आहे आणि तिच्यावर आधी तबकड्यांवर आलेल्या जुन्या रचना एकत्र केल्या आहेत. खरेदीदाराच्या दृष्टीने हा चांगला व्यवहार आहे, कारण त्या तबकड्या थोड्याच छापल्या गेल्या होत्या. श्रोत्याच्या दृष्टीने मात्र दोन्ही चकत्या एका बैठकीत ऐकणे ही शिक्षा होईल. दुसरी चकती संग्रह म्हणूनच वापरावी. तिच्यातल्या ‘गनमन’सारख्या रचनेत ग्राइमचा आणि डान्सहॉल या जमैकन नृत्यसंगीताचा रक्ताचा संबंध अधिक उघड आहे, आणि मुख्य अल्बम करताना या दोघांनी काय काय गाळले ते तिच्यावरून कळते. गाळण्याची ती शिस्त शेवटपर्यंत टिकली असती तर, असे मनात आल्यावाचून राहत नाही.

विनाइलवर घ्यावा की नाही, असे मला दोघांनी विचारले म्हणून लिहितो. खर्ज जितका खोल आणि मोठा, तितकी तबकडीवरची रेषा रुंद आणि नागमोडी कोरावी लागते आणि जागा अधिक खर्च होते. म्हणूनच क्लबसाठीच्या तबकडीच्या एका बाजूला एकच रचना देऊन ती मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या वेगाने फिरवतात. अल्बमच्या तबकडीवर एका बाजूला अनेक रचना बसवल्या की खर्जाला थोडी माघार घ्यावीच लागते. ज्यांच्याकडे चांगली सुई आणि चांगला ॲम्प्लिफायर आहे त्यांना विनाइलवर वरच्या थराची खरखर किंचित मऊ झालेली आवडेल. पण तळातला दाब अचूक हवा असेल तर सीडी किंवा संकोचन न केलेली, म्हणजे आकाराने लहान न केलेली, डिजिटल फाइलच घ्यावी. फाटलेल्या ध्वनीवर संकोचनाचा परिणाम विशेष वाईट होतो. मूळचे फाटणे कोणते आणि फाइल लहान करताना आलेले कोणते, हे कमी दर्जाच्या फाइलमध्ये ओळखता येत नाही, आणि मग संगीतकारांनी मेहनतीने घडवलेल्या पोताचा चिखल होतो.

अल्बम आल्यानंतर काही महिन्यांनी, जानेवारी २००६ मध्ये, मेरी ॲन हॉब्ज या निवेदिकेने बीबीसी रेडिओ १ वर डबस्टेपचा तो सुप्रसिद्ध विशेष कार्यक्रम केला. माला, स्क्रीम, लोफा, कोडनाइन या डबस्टेप संगीतकारांबरोबर त्यात व्हेक्स्डही होते, आणि त्या रात्रीनंतर हे संगीत लंडनच्या तळघरांतून जगभर पोचले. जोडी मात्र फार काळ टिकली नाही. दुसऱ्या अल्बमसाठी सुरू केलेल्या आणि अपूर्ण राहिलेल्या कामातून ‘क्लाउड सीड’ हा संग्रह २०१० मध्ये निघाला, आणि २०११ मध्ये दोघांचेही स्वतंत्र अल्बम आले. टीझडेल यांनी कुएडो हे नाव घेऊन सिंथेसायझरचे झळाळते, स्वरप्रधान संगीत केले. पोर्टर यांनी ठोके जवळजवळ टाकून देऊन निव्वळ ध्वनीचे डोंगर उभे केले. या दोन वाटा ऐकल्यावर ‘डीजनरेट’मधले बरेच काही उलगडते. ‘व्हीनस’मध्ये किंचित डोकावणारा स्वर कोणत्या दिशेने ओढला जात होता आणि ‘कॉरिडॉर’मधल्या भिंती कोणत्या दिशेने सरकत होत्या, याचा अंदाज बांधता येतो. कोणते काम नेमके कोणाचे होते हे बाहेरून ठरवता येणार नाही. पण एकाच खोलीत दोन वेगळ्या ओढी होत्या आणि त्यांच्या ताणातूनच पूर्वार्धाचा तोल साधला गेला, असे मला आता खात्रीने वाटते.

जो हा अल्बम पहिल्यांदा ऐकणार आहे त्याने दुसरी चकती सुरुवातीला बाजूला ठेवावी. खोलीतला पंखा बंद करावा, कारण त्याची घरघर नेमकी मोकळ्या जागेत शिरते. ‘पॉप पॉप व्हीआयपी’ नंतरसाठी राखून ‘थंडर’पासून ‘व्हीनस’पर्यंतच्या पाच रचना न थांबता ऐकाव्यात आणि तिथे थांबावे. उरलेल्या चार रचना दुसऱ्या दिवशी, एकेक करून, प्रत्येकीनंतर थोडा वेळ जाऊ देऊन ऐकाव्यात. मी या क्रमाने ऐकू लागल्यापासून ‘क्रशर डब’ मला आवडू लागली आहे. ‘डिस्ट्रक्शन’ अजून नाही.